उणकलचे देऊळ आणि आपला ‘हेमाडपंती’ शब्द

धारवाडच्या सप्तापूर भागात आमच्या एका स्नेह्यांचे घर आहे. माजघरात मराठी, अंगणात कानडी आणि कारवारकडून आलेल्या सुनेमुळे स्वयंपाकघरात कोंकणी, अशी त्या घराची वहिवाट आहे. या पृष्ठांच्या वाचकांस तिचे नवल वाटू नये. गेल्या हिवाळ्यात तेथे चार दिवस राहण्याचा योग आला असता यजमान पहिल्याच सकाळी म्हणाले, “उणकलला एक हेमाडपंती देऊळ आहे, तेवढे पाहून या. फार जुने आहे.” देऊळ आम्ही पाहिले, एकदा नव्हे, दोनदा पाहिले. परंतु पहिल्या खेपेस आम्ही जे पाहिले ते देऊळ नव्हतेच, यजमानांनी हाती दिलेला तो एक शब्द होता, असे आता वाटते. त्या शब्दाची आणि त्या देवळाची एकत्र परीक्षा करावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

सप्तापुराहून उणकल पंधरा-सोळा किलोमीटर. धारवाड आणि हुबळी या दोन शहरांची महानगरपालिका 1962 साली एक झाली, तरी दोन्ही गावांचा स्वभाव अद्याप वेगळा आहे आणि उणकल त्या दोहोंच्या मध्ये, हुबळीच्या अंगास पडते. ज्युबिली सर्कलवरून ‘चिगरी’ नावाची बस मिळते. चिगरी म्हणजे कानडीत हरिण. नाव नेमके ठेवले आहे. उणकलचे तळे सर्वांस ठाऊक असते, देऊळ विचारीत जावे लागते. गल्लीतून वळत वळत गेल्यावर घरांच्या दाटीत एकाएकी ते काळसर, बसके, रुंद अंगाचे दगडी देवालय पुढे उभे राहते. वर शिखर नाही. भोवती घरे इतकी निकट आली आहेत की मागे सरून सबंध देऊळ एका दृष्टिक्षेपात घ्यावे म्हटले तर पाठ भिंतीस टेकते. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. वाळत घातलेली लुगडी आणि अकराव्या-बाराव्या शतकातील कोनाडे मात्र एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत. शेजारच्या दारात तांदूळ निवडीत बसलेल्या एका वृद्धेस आम्ही हेच का ते देऊळ म्हणून विचारले, तेव्हा ती “नम्म गुडी,” एवढेच म्हणाली. आमचे देऊळ.

आमच्यासमवेत असलेल्या पुण्याच्या एका गृहस्थांनी देवळास प्रदक्षिणा घातली, दोन दगडांच्या सांध्यात नखाचे टोक घालून पाहिले, चुना नसल्याची खात्री करून घेतली आणि समाधानाने म्हणाले, “शुद्ध हेमाडपंती!” आणि त्यांचे पाहणे तेथेच संपले. आम्हीही मान डोलावली. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरे ते सांगितले पाहिजे.

हेमाद्री किंवा हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप. महादेव यादव आणि त्यानंतरचा रामचंद्र यादव यांच्या पदरी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो अधिकारावर होता. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा प्रचंड धर्मग्रंथ प्रसिद्धच आहे. मोडी लिपी त्याने आणली, बाजरीही त्यानेच आणली आणि दगडावर दगड रचून चुन्यावाचून देवळे बांधण्याची युक्तीही त्याचीच, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. आता अंबरनाथचे देऊळ घ्या. तेथील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. ते शिलाहारांचे काम. हेमाद्रीच्या कारकीर्दीपूर्वी दोनशे वर्षे ते उभे होते, तरी त्यास हेमाडपंती म्हणण्यावाचून आमचे भागत नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमळबस्ती रट्टांच्या काळी, 1204 मध्ये, बिचिराज नावाच्या अमात्याने बांधलेले जैन मंदिर. पण सहलीस गेलेला मराठी मनुष्य तिलाही तेच विशेषण लावून मोकळा होतो. विद्वानांनी ही चूक अनेकदा दाखवून दिली आहे. शब्द मात्र हलला नाही, कारण तो सोयीचा आहे. सोयीचे शब्द पुराव्याने मरत नाहीत.

येथवर तक्रार केवळ सनावळीची आहे, आणि तेवढ्याकरिता आम्ही लेखणी उचलली नसती. ज्यास जुन्याची ओढ आहे, ज्याने दगडास हात लावून ‘हे आपल्या पूर्वजांचे’ म्हटले, त्यास दोनशे वर्षांच्या फरकावरून धारेवर धरणे हा पांडित्याचा उद्धटपणा होय. आमची खरी तक्रार निराळी आहे. हा शब्द चुन्याच्या अभावावर उभा आहे. म्हणजे देवळात काय नाही, एवढेच तो सांगतो; काय आहे, हे तो पाहू देत नाही. शुष्कसांधी बांधणी ही उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत असंख्य मंदिरांत आढळते; तिच्यावरून शैली ठरविणे म्हणजे शिवणीत दोरा कोणत्या रंगाचा आहे यावरून वस्त्राची परीक्षा करणे होय. सिन्नरचा गोंदेश्वर आणि उणकलचा चंद्रमौळेश्वर या दोहोंतही चुना नाही. परंतु एकापुढून उठून दुसऱ्यापुढे उभे राहावे, म्हणजे दोन निराळ्या मनांनी, दोन निराळ्या दगडांत, दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या आहेत हे कळून येते.

दगडापासूनच आरंभ करू. महाराष्ट्राच्या पठाराचा दगड म्हणजे लाव्ह्याचा काळा पाषाण, बेसाल्ट. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. तो कठीण, चिवट, घणास दाद न देणारा. बदामी, ऐहोळे, पट्टदकल येथील जुन्या चालुक्यांचा दगड तांबूस वालुकाश्म. त्याचे मोठमोठे ठोकळे निघतात, आणि त्या देवळांची भव्यताही ठोकळ्यांचीच आहे. उणकल, लक्कुंडी, अण्णिगेरी, इटगी येथील कारागिरांनी जो दगड घेतला तो या दोहोंहून वेगळा: हिरवट-काळसर, बारीक कणांचा, मऊ. भूशास्त्रज्ञ ज्या खडकमालिकेत त्यास घालतात तिचे नावच मुळी ‘धारवाड’ आहे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अतिप्राचीन खडकांस हे नाव दिले आणि जगभरच्या भूशास्त्रीय ग्रंथांत सप्तापूरच्या गावचे नाव जाऊन बसले. या खडकांचे वय कोटींत मोजणे थिटे पडते. ते अडीचशे कोटी वर्षांहून अधिक आहे. कानडीत या मऊ दगडास ‘बळपद कल्लु’ म्हणतात. बळप म्हणजे पाटीवर लिहावयाची पेन्सिल. आमच्या यजमानांच्या आजींनी हे ऐकताच, “अगो, त्याच पेन्सिलीनं मी मुळाक्षरं गिरवली,” असे सांगितले. ज्या दगडाने पोरे अक्षरे गिरवितात त्याच दगडात ही देवळे लिहिली आहेत, हे आम्हांस ग्रंथांतून कळले नव्हते.

ताजा निघालेला हा दगड सुरीने कोरावा इतका मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होत जातो. हेन्री कझेन्स यांनी 1926 साली कानडी जिल्ह्यांतील चालुक्य वास्तूंवर जो ग्रंथ लिहिला, त्यात दगडाच्या या पालटाकडे त्यांनी मुद्दाम लक्ष वेधले आहे. दगड पालटला तसे ठोकळे लहान झाले, सांधे नाजूक झाले, आणि वास्तूचा सारा भर वजनावरून रेषेवर आला. अण्णिगेरीचे अमृतेश्वराचे देऊळ 1050 च्या सुमाराचे. या नव्या दगडातील आरंभीचे मोठे काम म्हणून ते मोजले जाते. उणकल त्याच घराण्यातले.

दुसऱ्या खेपेस आम्ही एकटेच गेलो, आणि प्रथम खांब पाहिले. हे खांब चौकोनी दगडास छिन्नीने गोल केलेले नव्हेत. दगड फिरता ठेवून, त्यास पोलादी धार लावून, लाकूड कातावे तसे ते कातलेले आहेत. सावंतवाडी किंवा गोकाक येथील लाकडी खेळणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांस हे लगेच उमगेल. खाली चौरस पाया, त्यावर घंटेसारखा फुगवटा, मग एकदम आत गेलेली मान, त्यावर पसरट चकती, आणि चकतीची कड इतकी पातळ की तिला धार म्हणावे. बोट फिरविले असता कातकामाच्या बारीक रेघा अजून लागतात. उजेड खांबावर उभा पडत नाही. तो कड्यांकड्यांनी भोवती फिरतो. बेसाल्टमध्ये हे साधणारच नाही असे नव्हे, पण बेसाल्ट ते मागत नाही. या दगडाने ते मागितले आणि कारागिराने दिले.

मग दारे. चंद्रमौळेश्वरास चारी दिशांस दारे आहेत आणि आत चतुर्मुख लिंग आहे. नेहमीच्या देवळात आपण उजेडाकडून अंधाराकडे एका रेषेत चालत जातो: मंडप, अंतराळ, गाभारा. येथे ती रेषा मोडली आहे. देव चारी दिशांस पाहतो आणि चारी दिशांनी त्याच्याकडे जाता येते. म्हणून या देवळास पाठ नाही. दारांच्या बाजूंस दगडी जाळ्या आहेत. जाळी म्हणजे भिंतही आणि खिडकीही. तिच्यामुळे आत येणारा उजेड चाळून येतो आणि दोन जाळ्यांमधल्या जागेत अंधार व प्रकाश यांच्या मधली एक तिसरीच वस्तू तयार होते. आमच्या मते या देवळाचा सारा विचार या एका गोष्टीत आहे. कोरीव मूर्ती किती, हत्ती किती, हंस किती, ही मोजदाद आमचे मार्गदर्शक करीत असतात. तिने काही हाती लागत नाही.

बाहेरील भिंतीचा प्रकार आणखी मनोरंजक आहे. द्राविड परंपरेतील कर्नाटक शाखेचे शिल्पी भिंत ही नुसती भिंत मानीत नाहीत. भिंतीतून अर्धस्तंभांच्या जोड्या पुढे येतात, त्यांच्या माथ्यावर लहान शिखर बसते. म्हणजे प्रत्येक पुढे आलेला भाग हे एक छोटे देऊळच. यांनाच कूट, शाला, पंजर अशी नावे आहेत. अॅडम हार्डी या इंग्रज अभ्यासकाने 1995 साली या परंपरेवर मोठा ग्रंथ लिहून दाखविले की ही लहान देवळे भिंतीवर चिकटविलेली नक्षी नव्हे. मोठे देऊळ त्यांचेच बनलेले आहे, आणि एकातून दुसरे उमलावे, पुढे सरकावे, दुभंगावे, असा त्यांचा क्रम असतो. हे वाचल्यावर आम्ही उणकलच्या भिंतीपुढे पुन्हा उभे राहिलो तेव्हा ती भिंत हलू लागली, एवढेच सांगतो. शिखर नाही ही उणीव खरी. इटगीच्या महादेव मंदिरात ही गती पायापासून कळसाकडे कशी चढते ते पाहिले की उणकल अर्ध्यावर तुटलेल्या वाक्यासारखे वाटते. ते इटगीचे देऊळ 1112 मध्ये विक्रमादित्य सहावा याच्या महादेव नावाच्या सेनापतीने बांधले आणि त्यातील शिलालेखानेच त्यास ‘देवालय चक्रवर्ती’ म्हटले आहे. बहुधा असल्या आत्मप्रशंसेवर विश्वास ठेवू नये, पण येथे ठेवावा.

आता सिन्नरकडे वळू. गोंदेश्वर हे भूमिज पद्धतीचे देऊळ. त्याच्या शिखरावर चार बाजूंस खालून वरपर्यंत चार पट्ट्या जातात आणि मधल्या जागांत इवल्या शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. मूळ घाट माळव्याकडला. म्हणजे ज्यास आम्ही अस्सल महाराष्ट्रीय ‘हेमाडपंती’ म्हणतो त्याची जात उत्तरेची, आणि उणकलची दक्षिणेची. बेसाल्टच्या कामात रेषेपेक्षा वस्तुमान बोलते. सकाळच्या उन्हात गोंदेश्वर डोंगराच्या सोंडेसारखा दिसतो. बेसाल्टमध्ये बारकावा नाही असे म्हणू नये. अंबरनाथच्या भिंती आमचे तोंड बंद करतील. पण अंबरनाथची झीजही पाहावी. कणखर दगडास जबरीने नाजूक केले की काळ त्याचा सूड घेतो.

उलटपक्षी, मऊ दगडाचाही एक मोह असतो, तो आम्ही लक्कुंडीस पाहिला. तेथील ब्रह्मजिनालय 1007 चे, दानशूर अत्तिमब्बेने बांधविलेले. त्यात संयम आहे, आणि त्या परिसरातील कामांत आम्हांस तेच अधिक प्रिय आहे. पुढच्या काळातील काशीविश्वेश्वराची द्वारशाखा मात्र अशी कोरली आहे की डोळा कोठे ठेवावा ते समजत नाही. पट्टीमागून पट्टी, वेलीमागून वेल. हात थांबावयास हवा होता तेथे थांबला नाही, कारण दगडाने ‘पुरे’ म्हटले नाही. लोक तिचेच सर्वाधिक कौतुक करतात. आम्ही केले नाही म्हणून कोणी रागावू नये. सोनाराच्या कामाची कसोटी वास्तूस लावणे आम्हांस रुचत नाही. उणकलला जाळ्यांपाशी कारागीर या मोहाच्या काठावर येऊन परतला आहे, हे त्याचे मोठेपण.

आणि आता खिद्रापूर. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी असलेले कोपेश्वराचे देऊळ. दगड बेसाल्टचा, आश्रय शिलाहारांचा, पुढे यादव राजा सिंघण याचा लेख. आणि तरी स्वर्गमंडपात पाऊल टाकताच, त्या गोल मोकळ्या छताखाली, खांबांच्या वर्तुळात उभे राहिले की लक्कुंडी-इटगीचीच भाषा कानी पडते. पठाराच्या कठीण दगडात दक्षिणेचे व्याकरण. हे देऊळ आज महाराष्ट्रात आहे म्हणून ते ‘हेमाडपंती’ आणि उणकल कर्नाटकात आहे म्हणून ते ‘चालुक्य’, अशी वाटणी करणाऱ्यास खिद्रापूर कळणारच नाही. नांदेड जिल्ह्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचे. त्याचे काय करणार?

ही वाटणी कशी झाली तेही लक्षात घ्यावे. कझेन्स यांनीच 1931 साली दुसरा ग्रंथ दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर लिहिला. एकच माणूस, एकच डोळा, परंतु कानडी जिल्ह्यांचे पुस्तक निराळे आणि दख्खनचे निराळे. त्या वेळी धारवाड, बेळगाव, नाशिक आणि ठाणे एकाच मुंबई इलाख्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी धारवाड तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि ग्रंथांतील फाळणी नकाशावर उतरली. पुढे सीमेवरून जो कलह झाला त्यात आम्ही येथे शिरत नाही. या पृष्ठांवर त्याचे दोन्ही बाजूंचे वाचक आहेत. पण एक गोष्ट बोलली पाहिजे. ज्या यादवांच्या नावाने आम्ही ही देवळे मागतो ते यादव भिल्लम पाचव्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र होईपर्यंत कल्याणीच्या चालुक्यांचेच मांडलिक होते. रट्टही त्यांचेच मांडलिक, गोव्याचे कदंबही. एका मोठ्या वाड्यातील ही सारी बिऱ्हाडे. शिल्पी या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात जात असणार. त्यांस कोणी वेशीवर भाषा विचारली असेल असे वाटत नाही.

‘चालुक्य’ हा शब्द तरी निर्दोष आहे काय? तोही नाही. राजाने छिन्नी धरली नाही. लक्कुंडीस एका स्त्रीने धन दिले, इटगीस एका सेनापतीने. राजवंशाचे नाव म्हणजे अंगणात लावलेली पाटी. घर कोणी बांधले ते त्यावरून कळत नाही. तरीही तो शब्द निदान काळ आणि प्रदेश सांगतो, तेवढा ‘हेमाडपंती’पेक्षा बरा.

गोमंतकीय वाचक म्हणतील, आमच्या तांबडी सुर्ल्याचे काय? तेच तर सांगावयाचे आहे. मोले-अनमोडच्या रानात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, कदंबांच्या काळचे ते महादेवाचे लहानसे देऊळ गोव्यात एकाकी दिसते, कारण त्याचा फातर गोव्याच्या नित्याच्या बांधणीचा नाही. गोव्याची घरेदारे जांभ्याच्या चिऱ्यांची. हे देऊळ काळसर, कोरता येईल अशा दगडाचे. दगड घाटावरून खाली उतरविला असे मानतात. तेथेही माहिती सांगणारे ‘हेमाडपंती’ म्हणून पुढे जातात. सुर्ल्यास गेलेल्या आमच्या कोंकणी मित्रांनी एकदा घाट चढून उणकलला यावे आणि जाळी व खांब पाहून परत सुर्ल्याच्या गाभाऱ्यापुढील दगडी जाळीपाशी उभे राहावे. दोन्ही ठिकाणी उजेड चाळण्याचा विचार एकच आहे की नाही, ते त्यांनीच ठरवावे. आम्ही आमचे मत वर दिले आहे.

त्या दिवशी उणकलला संध्याकाळचे पाच वाजले होते. पश्चिमेच्या जाळीतून ऊन आत आले आणि फरशीवर त्याचे लहान लहान तुकडे पडले. शाळा सुटलेली पाच-सहा मुले आत शिरली, खांबांभोवती फिरू लागली. एकाने दप्तर खांबाच्या पायाशी टेकविले. आम्ही बूट घालून बाहेर आलो. तांदूळ निवडणारी वृद्धा अजून दारातच होती. तिने विचारले, “नोडिद्रा?” पाहिलेत का? आम्ही म्हणालो, “हूं, ईग नोडिदेवु.” आत्ता पाहिले.

रात्री सप्तापुरास परत आल्यावर यजमानांशी हा सारा वाद झाला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “ते सगळे खरे असेल. पण पुढच्या पाहुण्याला मी देऊळ कोणते म्हणून सांगू?” आम्ही म्हणालो, “उणकलचे म्हणा.” त्यांच्या सूनबाईंनी आमटी वाढता वाढता, सुर्ल्यास आपण अद्याप गेलो नाही, ही आठवण सर्वांस करून दिली.